काळी काच आणि अकरा ते वीसचे पाढे

माझं अक्षर वाईट आहे, आणि र्‍हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीत शाळा सुटली. त्यानंतर हातात पेन यायचं ते स्टुडिओतल्या पाकिटांवर गिऱ्हाइकाचं नाव घालण्यापुरतं. त्या नावांतही चुका व्हायच्या. तेव्हा हे कुणाच्या हाती लागलंच तर त्यांनी चुकांकडे कानाडोळा करावा. मला तोंडाने सांगता येत नाही. चारजण समोर बसले की घसा बंद होतो. कागद माझ्याकडे बघत नाही, म्हणून त्याला सांगते.

आमच्या घरच्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, केनवडला फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, लग्नाची शूटिंग. लग्न झाल्यावर सुरुवातीला ते मला बायकांच्या बाजूला लाइट धरायला न्यायचे. मी लाइटच्या मागे लपायची आणि नवरीच्या तोंडावर अंधार पडायचा. दोन-तीन लग्नांनंतर त्यांनी मला मागच्या खोलीत बसवलं, फोटो कापायला. तिथे मी सुखी होते.

मग त्यांनी नवीन कॅमेरा घेतला. जुन्याचे कुणी धड पैसे देईना, म्हणून तो आणि जुना स्टँड माझ्याकडे आले. पण माणसांचे फोटो काढायला मला जमायचं नाही. माणूस कॅमेऱ्यात बघतो तेव्हा तो मलाच बघतोय असं वाटतं. नदी बघत नाही. आमच्या गावामागे नदीवर सिमेंटचा बंधारा आहे. पाऊस लागला की हिवाळ्यापर्यंत त्याच्यावरून पाण्याची चादर पडते. खाली दगडांवर आम्ही बायका धुणं धुतो. मी धुण्याच्या टोपल्यात चादरींच्या मध्ये कॅमेरा ठेवून न्यायची आणि बाकीच्या यायच्या आत फोटो काढायची.

एकदा मोबाइलवर एका माणसाने हिंदीतून दाखवलं की कॅमेऱ्यापुढे काळी काच लावली तर पडणारं पाणी पिंजलेल्या कापसासारखं येतं. काच उजेड अडवते. म्हणून कॅमेऱ्याचा डोळा खूप वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात जे हलतं ते विरघळून जातं, जे थांबतं तेच फोटोत राहतं. भाजी निवडता निवडता मी ते कितीदा पाहिलं असेल. त्या काचेला एनडी फिल्टर म्हणतात. मी काळी काचच म्हणते.

माझ्या भावाचं रिठदला वेल्डिंगचं दुकान आहे, गेट आणि ग्रिल करतो. त्याच्याकडे वेल्डिंग करताना डोळ्यांपुढे धरायची काच असते. मी मागितली तर म्हणाला, "कॅमेऱ्याले वेल्डिंग करतं का वं?" पण दिली, तीही नवी कोरी. सायकलच्या ट्यूबचं रबर कापून मी ती कॅमेऱ्यापुढे बांधली. पाणी खरंच विरघळलं. पण सगळा फोटो हिरवा आला. पाणी, आभाळ, पलीकडचं देऊळ, सगळं शेवाळ. माझ्या सासूबाईंनी तो बघितला आणि म्हणाल्या, या नदीत तर म्हशीही उतरणार नाहीत. कॉम्प्युटरवर रंग काढायला गेले तर फोटो राखेसारखा झाला. घरचे म्हणाले की खरी काच महाग असते आणि लग्नात तिचा काही उपयोग नाही. त्यात त्यांचं चुकलं नव्हतं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांच्या शेळ्या आहेत. त्या दसऱ्याला त्यांनी रिसोडच्या बाजारात बोकड विकला होता आणि पैसे शेळ्यांच्या गोठ्यावर टिनपत्रे टाकायला बाजूला ठेवले होते. गोठ्यावर नुसती ताडपत्री होती, तीही फाटलेली. एक दिवस त्या माझ्यामागे नदीवर आल्या, दगडावर बसल्या आणि मी काय करते ते बघत राहिल्या. मग विचारलं की ही काच करते तरी काय. सगळ्या जगात त्यांच्याशीच मला सरळ बोलता येतं, म्हणून मी सगळं सांगितलं. संध्याकाळी चुलीपाशी त्यांनी माझ्या हातात साडेतीन हजार ठेवले.

"हे उसने हायेत, फुकटचे नाहीत," त्या म्हणाल्या. "पुढच्या पावसाच्या आंधी मले टिनपत्रे घ्याचे हायेत."

मी विचारलं, नाही फिटले तर?

"तर शेळ्या तुया खोलीत बांधीन."

त्या चेष्टा करत नव्हत्या. त्या चेष्टा करत नाहीत.

खरी काच डब्यातून आली. गोल, बरणीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. मला वाटलं आता झालं. पण कुठे काय. काच लावल्यावर कॅमेऱ्यातून काहीच दिसत नाही, नुसता अंधार. म्हणजे काय घ्यायचं, कुठे नेमकं धरायचं, हे आधी उघड्या डोळ्याने ठरवून घ्यायचं आणि मग हलक्या हाताने काच फिरवायची. ते जमलं तर फोटो पुसट यायला लागले. पाणी पुसट आलं तर चालतं, पण बंधाराही पुसट यायचा. मी स्वतःचा हात, कॅमेरा, वारा, सगळ्यांना दोष दिला. एक दिवस स्टँड उचलला तर खाली तीन भोकं दिसली, बोटभर खोल. आमची माती काळी. ओली असली की तिच्यावर ठेवलेलं काहीही हळूहळू खाली बसतं. बैलगाडीचं चाक बसतं, तर स्टँडचे पाय का नाही बसणार? डोळा उघडा असताना माझा कॅमेरा मातीत उतरत होता.

मग मी फरशीचे तीन तुकडे नेले आणि स्टँडच्या पायांखाली घातले. स्टँडच्या मध्ये एक आकडा असतो, त्याला पिळलेल्या ओल्या चादरीचं गाठोडं टांगलं. त्या वजनाने तो खांबासारखा उभा राहिला. पुढे फोटोवर उजेडाचा एक पट्टा यायला लागला. तो मागच्या बारीक भिंगातून आत येत होता, जिथे आपण डोळा लावतो. त्यावर मी पदर धरायला लागले. तशी पदराखाली कॅमेरा घेऊन उभी राहिले की धुणं धुणाऱ्या बायका विचारायच्या, लेकरू झोपलं का वं.

वेळ मोजायला पाढे. नुसते आकडे मोजले की मी घाबरून घाईत मोजते. पाढ्याला मात्र चाल असते, तो घाई करू देत नाही. आमच्या गुरुजींनी तीसपर्यंत पाठ करून घेतले होते. शाळा सुटली, पाढे सुटले नाहीत. आभाळ पातळ असेल तर अकरा ते चौदा म्हणायचे. आभाळ भरलेलं असेल तर थेट वीसपर्यंत.

तोवर पाऊस आला, आणि आत्याबाईंचे पैसे काही फिटले नव्हते. घरी साड्यांना फॉल-पिको करून मी थोडे थोडे देत होते, पण टिनपत्रे त्यात कुठून येणार? पहिल्याच मोठ्या पावसात आत्याबाईंनी दोन शेळ्या आणून माझ्या खोलीत बांधल्या. रात्रभर एक शेळी माझ्या उशीची खोळ चघळत होती. घरचे अंगणात पलंग टाकून झोपायला गेले आणि पावसाने परत आत आले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी एका पतसंस्थेचे साहेब स्टुडिओत आले. त्यांच्या कॅलेंडरवर दरवर्षी काश्मीरचे डोंगर असायचे. यंदा अध्यक्षांना आमचा बंधारा हवा होता. पाणी पाहिजे, माणूस एकही नको, आणि फोटो उद्या संध्याकाळपर्यंत, कारण परवा छपाई. पैसे चांगले सांगितले. घरच्यांनी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी पोळा आहे हे त्यांच्या लक्षात होतं, पण पोळ्याला अख्खं गाव पहाटेपासून बैल धुवायला बंधाऱ्यावर असतं हे लक्षात आलं नाही. स्टुडिओत बसणाऱ्या माणसाचं असं होतं.

सकाळी ते नवा कॅमेरा घेऊन गेले आणि तोंड पाडून परत आले. कुठूनही धरलं तरी माणसं, बैल, पोरं, बादल्या. अंगणात उभं राहून ते साहेबांना फोन लावायला लागले, की जमत नाही, काश्मीरच टाका. मी स्वयंपाकघराच्या दारात पुरणाचं पातेलं धरून उभी होते. मला काय सांगायचं ते ठाऊक होतं, पण घसा बंद. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग गोठ्यावरच्या ताडपत्रीकडे बघितलं.

"तिले जाऊ दे," त्या मुलाला म्हणाल्या. "पुरण मी वाटतो."

"माय, तिथी अख्खं गाव हाय."

तेव्हा माझा घसा उघडला. मी म्हणाले, "असू द्या लोक. ते फोटोत येत नाहीत."

त्यांनी फोन खाली घेतला. माझ्याकडे असं बघितलं, जसं घरात कुणी पाहुणं आलंय.

इतक्या लोकांपुढे मी कधी स्टँड उभा केला नव्हता. मान खाली घालून फरशीचे तुकडे मांडले. मागून कुणीतरी विचारलं, "वहिनी, बैलाचं आधार कार्ड काढून राह्यल्या का?" सगळे हसले. त्या दिवशी धुणं नव्हतं, वजन कशाचं टांगू? घरच्यांनी न सांगता आपली पिशवी रिकामी केली, तिच्यात नदीतले गोटे भरले आणि आकड्याला अडकवली. आभाळ भरलेलं होतं. मी बंधारा नीट बघून घेतला, काच फिरवली, पदर धरला, हात न लागता डोळा उघडा ठेवणारं वायरचं बटण दाबून अडकवलं आणि अकराचा पाढा सुरू केला.

समोर गाव चाललं होतं. पोरं पाण्यात उड्या मारत होती. कुणी बैल आत नेत होतं, कुणी बाहेर काढत होतं. मी काय पुटपुटते असं कुणीतरी विचारलं, तर घरचे म्हणाले, मंतर हाय, मधी बोलू नका. अठराला माझी नेहमी गडबड होते, त्या दिवशी झाली नाही. वीस दाही दोनशे म्हणून मी बटण सोडलं.

कॅमेरा लगेच फोटो दाखवत नाही. जेवढा वेळ डोळा उघडा होता, जवळपास तेवढाच वेळ तो आत काम करत बसतो. घरच्यांना वाटलं बंद पडला. मी त्यांना हाताने थांबवलं आणि पुन्हा अकरापासून सुरू केलं. असं त्यांना थांबवलेलं मला आठवत नाही.

मग फोटो आला.

बंधारा रिकामा होता. पाणी कापसासारखं, आभाळाचे पट्टे लांब ओढलेले, देऊळ कोरल्यासारखं. एवढ्या गावातला एकही माणूस त्यात नव्हता. फक्त काठाशी एक पांढरा म्हातारा बैल उभा होता. त्याला सगळ्यांत आधी धुऊन मालक तंबाखू मागायला गेला होता आणि बैल होता तिथेच राहिला होता. अंग स्वच्छ आलं होतं. कान आणि शेपूट तेवढी विरघळली होती.

घरच्यांनी फोटो बघितला, समोरची गर्दी बघितली, पुन्हा फोटो बघितला.

"हे सारे कुठी गेले वं?"

"हलले," मी म्हणाले.

त्यांनी कॅमेरा घेतला आणि गावाला दाखवत सुटले. ज्याने त्याने आपापली जागा शोधली. मी इथंच होतो, माझी बादली इथं होती. कुणी सापडेना. बैलाचा मालक फोटो बघून म्हणाला, "साऱ्या गावात माह्या बैलच सरळ निघाला बापा." मी गर्दीच्या मधोमध उभी होते आणि हसत होते, सगळ्यांसमोर, पदर तोंडाला न लावता.

साहेबांनी फोनवर विचारलं की हा बैल कसा राहिला. घरचे म्हणाले, "मानूस नको म्हटलं होतं तुमी. बैलाचं बोलले नव्हते." अध्यक्षांना बैल फार आवडला.

हिवाळ्यात कॅलेंडर निघालं. केनवडच्या दुकानांत लागलं, जऊळका स्टेशनबाहेरच्या चहावाल्याकडे लागलं. तिथे एक अनोळखी माणूस कप हातात धरून ते बघत उभा होता. चहा निवला तरी बघत होता. मी शेजारीच होते. त्याला काय माहीत? खाली बारीक अक्षरात माझं नाव होतं आणि त्यात एकही चूक नव्हती.

पतसंस्थेचं पाकीट घरच्यांनी न उघडता माझ्या हातात दिलं. मी ते तसंच नेऊन आत्याबाईंच्या पुढे ठेवलं. त्यांनी हात धुतले, पुसले आणि नोटा मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. फॉल-पिकोचे आधी दिलेले त्यांनी मनात धरले होते. तेवढे वगळून आपले घेतले, उरलेले माझ्याकडे सरकवले आणि बटव्याची दोरी ओढली.

"फिटले," त्या म्हणाल्या. "सारे." आणि उठून माझ्या खोलीतल्या शेळ्या सोडायला गेल्या.