डाळिंबाच्या मधली परसबाग

निरवांगीच्या फुलाबाईंच्या घराला तिन्ही बाजूंनी डाळिंब आणि चौथ्या बाजूला रस्ता. नवरा गेल्यावर त्यांच्या वाटणीची जमीन पुतण्या अविराज वाट्यानं करू लागला. त्यानं झाडं लावली ती थेट गोठ्याच्या भिंतीपर्यंत आणली. फुलाबाईंना उरले मागचे दोन गुंठे. त्यात त्या वांगी, गवार, दोडका, मेथी, चाकवत असं घरापुरतं लावायच्या. खत गोठ्यातलं, मावा पडला तर राख नाहीतर आंबट ताक. पाणी मात्र अविराजच्या शेततळ्याचं. एक नळी त्यानं न मागता ओढून दिली होती.

लेक सुप्रिया बारामतीत शाळेवर शिक्षिका. दर शनिवारी दुधाच्या टेम्पोतून तिच्याकडं भाजीची पिशवी जायची. शाळेतल्या बायकांनी ती भाजी चाखली, मग मागून घेऊ लागल्या, आणि बघता बघता आठ घरं झाली. सुप्रियानं फोनवर ग्रुप काढला, ‘आईची सेंद्रिय भाजी’.

“शेणखताच्या भाजीला नाव कशाला लागतंय?” फुलाबाई हसल्या होत्या.

पण त्या नावानंच त्यांची झोप उडवली. दर आठ-दहा दिवसांनी ट्रॅक्टरचा ब्लोअर बागेतून फिरायचा आणि औषधाचं धुकं भिंतीवरून अलगद परसात उतरायचं. इतकी वर्षं त्या दार लावून आत बसत आल्या होत्या. आता धुकं दिसलं की आठ घरांतली न पाहिलेली लेकरं डोळ्यांपुढं यायची.

शेवटी त्यांनी अविराजला विचारलंच.

“अवि, तुझ्या औषधाचं माझ्या भाजीवर येतंय. मग ती शेंद्री म्हणायची का न्हाय?”

अविराज उलट्या काळजाचा नव्हता. त्यानं खरं तेच सांगितलं. “मोरचूद-चुना तर शेंद्रीवालं बी मारत्यात, काकी. बाकीची औषधं मात्र चालत न्हाईत. पण मी थांबलो तर तेल्या रोग सगळी बाग खाईल. मी तरी काय करू?”

बोलता बोलता तो वाकून त्यांच्याच नळीचा अडकलेला कॉक साफ करत होता. फुलाबाई त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेल्या.

पुढच्या रविवारी सुप्रिया चार बायकांना परसबाग दाखवायला घेऊन आली. शुक्रवारीच फवारणी झालेली. फुलाबाईंनी शनिवारभर कळशीनं पानं धुतली होती, पण दोडक्याचा वेल उंच, तिथं हात पुरला नव्हता. अविराजनं पाहुण्यांसाठी शहाळी आणली, स्वतः सोलून हातात दिली.

त्यातल्या एकीनं वेलाचं पान उलटसुलट केलं. “मावशी, हे निळसर पांढरं काय आहे हो?”

सुप्रियाचा चेहरा पडला. अविराज कोयता हातात धरून तसाच उभा. फुलाबाईंनी एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा पुतण्याकडं.

“राख हाय,” त्या म्हणाल्या.

बाया खूश झाल्या. पिशव्या भरभरून घेऊन गेल्या. त्यांची गाडी वळणापलीकडं गेली तरी फुलाबाई वेलाखालीच उभ्या होत्या.

पुढच्या शनिवारी टेम्पो थांबला, हॉर्न वाजवून निघून गेला. संध्याकाळी सुप्रियाचा फोन आला.

“आई, पिशवी नाही आली.”

“न्हाय पाठवली. ती राख नव्हती.”

सुप्रिया म्हणाली, “मला तेव्हाच वाटलं होतं. पण तूच म्हणालीस ना?”

“मीच म्हणाले. अवि समोर हुता. नळी त्याची, बाग त्याची. उद्या त्यानं पाणी तोडलं तर मी काय करू? आन् तुला खाली बघाय लावू व्हय, तुझ्या बायांसमोर?”

“आता मी त्यांना काय सांगू?”

“खरं सांग.”

सुप्रियानं सांगितलं नाही. ‘आईची तब्येत बरी नाही, काही दिवस भाजी बंद,’ एवढंच तिनं लिहिलं. आठही घरांतून काळजीचे निरोप आले. एकीनं तर काढ्याची कृती पाठवली. सुप्रियानं फोनवर एकेक वाचून दाखवला, आणि फुलाबाई धडधाकट असून आजाऱ्यासारख्या मुकाट ऐकत राहिल्या.

ही बातमी अविराजपर्यंतही पोचली. तो गाडी घेऊनच दारात आला. “काकी, दवाखान्यात चला.” फुलाबाईंनी नको म्हटल्यावर खाटेवर टेकला, परसाकडं बघत म्हणाला, “झेपत न्हाय तर कशाला एवढा व्याप? भाजी मी आणून देत जाईन. हितं धा-बारा रोपं बसतील डाळिंबाची.”

तो प्रेमानंच बोलत होता, हे त्यांना कळत होतं. म्हणूनच भांडताही येईना.

“न्हाय,” त्या म्हणाल्या. “माझ्यापुरतं लावीन मी. फवारायच्या आदल्या दिशी तेवढं सांगत जा, म्हंजी आधीच खुडून ठेवीन.”

“सांगतो की,” अविराज म्हणाला.

दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा विसरला. ब्लोअरचा आवाज आला तेव्हा फुलाबाई मेथी खुडत होत्या. खुडलेली तेवढी पदराच्या ओट्यात घेऊन त्या घरात आल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.