गणपतीपर्यंत आलेलं पाणी

माझं गाव पूर्णेच्या काठी, पांढऱ्या मातीच्या धाब्याच्या घरांचं. गावाला मोठा इतिहास आहे, फक्त तो दर दिवाळीला थोडा बदलतो.

आज्या-पणज्यांच्या काळात नदीला मोठा पूर आला होता म्हणे. त्यात ज्या घरात पाणी जितकं वर चढलं तितकं ते घर जुनं, आणि सगळ्यांत जुन्या घराची बैलजोडी पोळ्याला तोरणाखालून पहिली. पाणी कुठवर आलं, ते भिंतीवर गेरूची रेघ ओढून दाखवायचं. दिवाळीला भिंती पोतारल्या की रेघ पुसली जायची, आणि नवी ओढताना हात हमखास वर सरकायचा. आमच्या काकांची रेघ माझ्या लहानपणी कोनाड्याखाली होती. समोरच्या भाऊंनी आपली खिडकीला टेकवली, तशी काकांनी आमची थेट दारावरच्या गणपतीपर्यंत नेली. देवाच्या नाकातोंडात पाणी गेलं, पण मान आमच्या घरी आला.

"एवढ्या पान्यात तुमचा आजा वाचला कसा?" भाऊ विचारायचे.

"पोहून," काका म्हणायचे. "तुमचा आजा तवा गावातच नोता, म्हून तुमाले मालूम नाई."

मग काकांच्या मुलाचं लग्न ठरलं. होणाऱ्या सुनेला स्वतंत्र खोली हवी होती, म्हणून काकांनी वर मजला चढवायचं ठरवलं. नेमके तेव्हाच पूररेषा आखायला सरकारी साहेब आले. रेषेखालच्या घराला बांधकामाची परवानगी नाही! भाऊंना ही खबर आधीच लागली होती. त्यांचं घर चुन्यानं लखलखत होतं.

"पूर? आमची पायरी बी कदी भिजली नाई, साहेब."

साहेब आमच्या दारी आले, मान वर करून गणपतीकडे बघत राहिले.

"काका, पाणी खरंच इथवर आलं होतं?"

अख्खं गाव जमलेलं. आतून काकू ओरडली, "सांगा ना, नुसता गेरू हाय म्हून! पोराच्या खोलीचा प्रश्न हाय!"

काकांनी गावाकडे पाहिलं.

"सोंडेच्याई वर होतं, साहेब. आमी कमीच दाखवलं."

यंदाच्या पोळ्याला आमचीच जोडी पहिली निघाली. काका फेटा बांधून पुढे. भाऊंचा नवा मजला तयार झालाय. तिथं भाड्यानं राहतात आमचे नवरा-नवरी. गॅलरीत त्यांच्याशेजारी भाऊ चहा पीत उभे होते. खाली रस्त्यावर धुरळा उडत होता.

"काका, जपून चाला," भाऊ वरून ओरडले, "पानी लय खोल हाय!"