सर्टिफिकेट जितं ठेवायचं म्हणून

आमच्या ह्यांनी प्रोजेक्ट मॅनेजमेंटची परीक्षा दिली तवा मला वाटलं, झालं, सुटलो. कंपनीत एखादं मोठं काम निघालं, नवं शेड म्हना न्हाईतर नवी मशिनं, तर ते कुनी, कवा, कसं पुरं करायचं ते आखायचं, त्याची ती परीक्षा. मी नववीत शाळा सोडली, मला एवढंच समजलं. पास झाले तवा सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावलं, आत्यांनी, म्हंजे माझ्या सासूबाईंनी, त्याला हळदकुंकू वाहिलं, आन मी म्हनलं आता जन्माची काळजी मिटली.

तर ते सर्टिफिकेट मरतं. हे मला कुनी सांगितलंच न्हाई. तीन वर्सांत ठरलेले पॉइंट जमवायचे, न्हाईतर बाद. पॉइंट कसे मिळतात, तर भाषनं ऐका, वाचा, दुसऱ्याला शिकवा. त्यासाठी हे पुन्यातल्या एका असोसिएशनचे मेंबर झाले. झाले मेंबर, की शनिवारी हे पुन्यात आन मी हितं माले गावात, कडंवर लेकरू, गॅसवर दूध, आत्यांचा गुडघा. इचारलं तितं काय करता, तर म्हनायचे ओळखी व्हतात. ओळखी होऊन काय व्हतं ते मला अजून कळलं न्हाई. मंग पोरगी आजारी पडली, त्यात शनिवारचं जानं सुटलं, आन शेवटचे थोडे पॉइंट ऱ्हायले ते ऱ्हायलेच.

एक दिवस कंपनीतनं आले ते तोंड पाडून. घोटावड्याला कंपनीचं नवं शेड व्हनार हाय, ते काम ज्याचं सर्टिफिकेट चालू हाय त्यालाच देनार. आन ह्यांचं महिन्याच्या शेवटाला संपत व्हतं. काम न्हाई मिळालं तर ह्यांना गुजरातच्या कंपनीत धाडनार. पोरीला घेऊन तितं कुटं जाऊ, भाषा येत न्हाई, आन हितं ऱ्हायले तर आत्यांना आन पोरीला एकटी कशी बघू. मला तर पौडच्या दवाखान्यात एकटी जायला भ्या वाटतं.

हे असोसिएशनात इचारून आले. गावात शिकवलं तरी पॉइंट मिळतात, फकस्त इषय तोच पायजे आन आलेल्यांच्या सह्या पायजेत. मला म्हनले, तू बचत गटात हायस, बाया जमव. मी गटात नुसती मान हालवती, बोलत न्हाई, हे ह्यांना म्हाईत हाय. तरी मलाच.

गेले मंग. पोरगी कडंवर, ऊन डोक्यावर, धाप लागलेली, घरोघर. बाया इचारायच्या कशाचं हाय गं. मला तरी कुटं ठावं व्हतं. मी सांगायची, आमचं हे काम कसं आखायचं ते सांगनार हायेत, यायचं, बसायचं, सही करायची. बाया म्हनायच्या, बरं बरं, येतो की. एवढ्या पटापटा हो म्हनल्या की मला आनंदच झाला. येडी मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळाचा मंडप भरला. प्रत्येकीच्या हातात पिशवी. मी वाकून बघितलं तर आधारकार्डाची झेरॉक्स, पासबुक, फोटो. तवा माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडं बायांना बोलावून सह्या घेत्यात ते सरकारी योजनेलाच, दुसरं कशाला कोन बोलावतंय.

ह्यांचं लक्ष न्हाई. गर्दी बघून खूश. "कुठल्याही कामाला सुरुवात असते आणि शेवट असतो," असं कंपनीच्या भाषेत चालू केलं.

"शेवट कवा ते आदी सांग," वरल्या आळीची थोरली काकू म्हनली. "आमटी ठिवून आलीया."

बाया हसल्या, हेबी हसले. लग्नाचं उदाहरन घेतलं, मांडव कुनी बघायचा, आचाऱ्याला कवा सांगायचं, पाऊस आला तर काय. बाया रंगल्या, कुनाच्या लग्नात भात कमी पडला ते निघालं. मला वाटलं निभावलं. तवर मागनं एक जनी म्हनली, "मंग पैसं खात्यावर कवा येनार?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी फरशीकडं.

पैसे न्हाईत, योजना न्हाई, हे ह्यांनी समजावलं. बाया माझ्यावर कावल्या, झेरॉक्ससाठी पौडला पळवलंस व्हय गं म्हनल्या, पर तेवढं चाललं असतं. हे सह्यांचा कागद काढून फिरवाया लागले तवा खरं फसलं. कागद इंग्रजीत. सगळ्यांचे हात पदरात गेले. आमच्या भागात जमिनीला भाव आला तवापासनं सहीचं लई भ्या हाय. कोन पान्याच्या लाइनीची सही म्हनून देतं, आन निघतं भलतंच. आत्यासुदिक हात आवळून बसल्या.

हे म्हनले, "आई, मी तुझा लेक हाय."

"लेक हायेस म्हनून तर," आत्या म्हनल्या. "जमिनीवर सह्या लेकच घेत्यात."

कुनी हसलं न्हाई. ह्यांनी पेन माझ्या हातात दिला, तू आदी कर, म्हंजे बाकीच्या करतील. पेन धरला, पर कागदावर टेकवला न्हाई. माहेरी भावांनी अशीच सही करायला लावली व्हती, वाचून न दावता. इकडं गुजरात डोळ्यापुढं. तरी तोंडातनं गेलं, "अहो, आदी वाचून दावा. मराठीत."

एवढ्या बायांत मी पहिल्यांदा बोलले आन तेबी नवऱ्याला. लई रागानं बघितलं, पर वाचलं. इषय काय, कुनी शिकवलं, कोन कोन व्हतं, एवढंच व्हतं त्याच्यात.

काकू म्हनली, "ह्याच्यात जमीन न्हाई असं कुटं लिवलंय?"

"नाहीच तर लिहिणार कशाला, काकू?"

"मंग लिव."

शेवटी ह्यांनी कागदाच्या डोक्यावर मराठीत लिवलं, ह्या सह्यांचा जमिनीशी, घराशी, वाट्याशी संबंध न्हाई. काकूनं खाली आदी ह्यांचीच सही घेतली. मंग मी केली, मंग सगळ्यांनी, आत्यांनी अंगठा दिला.

घरी आल्यावर हे माझ्यावर उखडले. असोसिएशन असला कागद फेकून देईल म्हनले. मी म्हनलं, पॉइंट तुमाला आन शिव्या मला, उलट तुमीच उखडता. मंग नुसतं वाट बघनं. फोन वाजला की मी हातातलं टाकून पळायची.

असोसिएशननं पॉइंट धरले. घोटावड्याचं कामबी मिळालं. मी तितंच उंबऱ्यात बसले, पोरगी पदर वढत व्हती. आन हे काय म्हनावेत तर, पुढली तीन वर्सं आत्तापासनंच चालू झाली, ह्या टायमाला उशीर नको, पुढल्या महिन्यात परत बाया जमवशील ना.

मी उठले, पोरगी ह्यांच्या कडंवर दिली.

"तुमी जावा घरोघर," मी म्हनलं. "आन हिला संगं न्या."