भोंगा त्यांचा, त्वांड माझं

बोलायच्या आधी मामा माईकवर तीन टिचक्या मारायचे. टक, टक, टक. मग एकदा खाकरायचे. ते खाकरणंसुद्धा रिक्षाच्या टपावरच्या दोन भोंग्यांतून कोल्हापूरच्या अख्ख्या शिवाजी पेठेला ऐकू जायचं. तेवढ्यावर बायका शेगडी बारीक करून दारात यायच्या, तालमीच्या कट्ट्यावरचा फुटबॉलचा वाद अर्ध्यात थांबायचा. त्या तीन टिचक्यांचा तेवढा वट होता.

पुकारा करत फिरणारी रिक्षा तुम्हीही पाहिली असेल. आतला माणूस काय बोलतो ते अर्धं कळत नाही आणि उरलेलं अर्धं खरं वाटत नाही. मामांचं तसं नव्हतं. एक हात हॅंडलवर, दुसऱ्या हातात माईक, वरच्या खिशात खडीसाखरेची पुडी, आणि शब्द न् शब्द सुटा. उद्या पाणी येणार नाही, संध्याकाळी मैदानावर सामना आहे, अमक्यांचे वडील वारले, तमके साहेब सभेला येणार आहेत, सगळं त्याच आवाजात. ट्रॅफिक पोलिसांनी त्यांना एका हाताने रिक्षा चालवण्यावरून हटकणं केव्हाच सोडून दिलं होतं.

त्यांच्या तोंडी जायचं ते माझ्या दुकानातून जायचं. माझं छपाईचं दुकान आहे. पत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं. तरुणपणी आठ महिने मी एका शाळेत बदली शिक्षक होतो. तेवढ्यावर पेठेनं मला जन्मभराचा मास्तर करून टाकलं. त्या आठ महिन्यांत मी मुलांना काय शिकवलं ते त्यांनाही आठवत नाही, मलाही नाही. पण पुकाऱ्याचा मजकूर लिहून द्यायला मास्तरच पाहिजे, अशी लोकांची समजूत झाली ती झालीच.

मी कागद दिला की मामा चष्मा लावून तो कागद दोनदा वाचायचे आणि विचारायचे, "मास्तर, हे खरं हाय न्हवं?"

"व्हय की."

"न्हाय, भोंगा त्यांचा असतोय, पर त्वांड माझं हाय."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा वजन कमी करणाऱ्या औषधाचा कागद त्यांनी परत आणून दिला. म्हणाले, "माझा मावसभाऊ ह्येच औषध घेतोय. गेल्या म्हैन्यात सगळ्या प्यांटी उसवून ढिल्या करून घेतल्यात त्यानं." ते गिऱ्हाईक गेलं. मी चार दिवस मामांशी बोललो नाही.

आता माझा पराक्रम सांगतो. कागद वाचवायची मला खोड. एकदा मी एका बाजूला साहेबांच्या सभेचा मजकूर लिहिला आणि दुसऱ्या बाजूला चादरींच्या सेलचा. पान उलटा की उलटू नका, हे सांगायचं राहिलं. मामांनी सगळं एका दमात वाचलं. त्या दुपारी पेठेनं ऐकलं ते असं: "आपले लाडके साहेब येत आहेत. आज सायंकाळी सहा वाजता. एकदा धुतल्यावर रंग जाणार नाही याची लेखी हमी. मर्यादित साठा."

कट्ट्यावर लोक अक्षरशः लोळले. साहेबांची चार माणसं मात्र तासाभरात दुकानात आली. हा मजकूर कुणी लिहिला, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी शाईचा डबा शोधण्यासाठी काउंटरखाली वाकलो होतो. डबा वरच होता. मामा दारातून म्हणाले, "त्वांड माझं हुतं. चुकलं माझं." त्यांनी मामांना नको नको ते सुनावलं. मामांनी ऐकून घेतलं. ती माणसं गेल्यावर मी वर आलो. मामा म्हणाले, "घावला का डबा?" एवढंच. पुढं कित्येक दिवस ते दिसले की लोक विचारायचे, "काय मामा, रंग जातोय काय न्हाय?" आणि तेही हसायचे. मी सगळ्यात मोठ्यानं हसायचो.

मग ते युद्ध आलं. आपल्या वेशीवरचं नव्हे, समुद्रापलीकडचं. पण गॅस तिकडून येतो हे लोकांना कळलं आणि कट्ट्यावर फुटबॉलऐवजी जहाजांची चर्चा सुरू झाली. त्यात निवडणूक तोंडावर. साहेबांच्या कार्यालयातून मला फोन आला, "मास्तर, सभेचा पुकारा पाहिजे. काहीतरी घसघशीत लिहा." मी लिहिलं: "साहेबांचा शब्द आहे, युद्धाची झळ कोल्हापुरातल्या एकाही चुलीला लागू देणार नाही."

मामा चष्मा वर करून म्हणाले, "चुलीला झळ नसली तर भाकरी कशी व्हायची, मास्तर?"

"अलंकार आहे तो."

"आसंल. साहेब म्हणालेत न्हवं असं? खरं हाय न्हवं?"

साहेब तसं काही म्हणाले नव्हते. साहेबांनी ते वाक्य पाहिलंही नव्हतं. मी म्हणालो, "व्हय की."

दिवसभर ते वाक्य पेठेत आणि राजारामपुरीत फिरलं. संध्याकाळी सभेत कुणीतरी तोच कागद साहेबांच्या हातात सरकवला असावा. साहेबांनी मूठ आपटून ते शब्द जसेच्या तसे म्हटले. टाळ्या थांबेनात. मी मागं खुर्चीवर उभा राहून टाळ्या वाजवत होतो. माझी थाप साहेबांच्या तोंडी जाऊन धोरण झाली होती. मामा गर्दीतून वाट काढत आले. "मास्तर, खरंच म्हणाले की वं!" लहान मुलासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

त्यांची थोरली बहीण, आक्का, नवरा गेल्यापासून राजारामपुरीत खानावळ चालवायची. क्लासची मुलं तिच्याकडं जेवायची. गॅसचं काय होईल या धास्तीनं ती नवी मुलं घ्यायला तयार नव्हती. शेजारचा गाळा मोकळा झाला होता, तोही तिनं नको म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा तिच्याकडं गेले. "घे आक्का गाळा. साहेब जाहीर सभेत बोललेत. मी सोता ऐकलंय." आक्कानं गाळा घेतला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तुम्हीही तेच दिवस काढलेत. साहेब निवडून आले. युद्ध दोन आठवड्यांत संपणार होतं, ते संपलं नाही. आधी साहेबांनी सांगितलं, साठा भरपूर आहे, घाबरू नका. मग सांगितलं, थोडी कळ सोसा. खानावळीच्या टाक्या मिळेनाशा झाल्या, मिळाल्या तर हात पोळतील अशा भावानं. शेवटी साहेब एका कार्यक्रमात म्हणाले की आपल्या आया चुलीवरच रांधत होत्या, देशासाठी आपणही थोडे दिवस चूल पेटवू. त्याच आठवड्यात त्यांच्या घरच्या लग्नाच्या पंगतीचे फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होते.

आक्कानं तेही केलं. मागच्या बोळात विटा मांडून चूल घातली. वर तीन मजले फ्लॅट. धूर सरळ वरच्या खिडक्यांत. पहिल्या दिवशी वरून कुणी ओरडलं, तिसऱ्या दिवशी बोळात कुणीतरी बादलीभर पाणी ओतून गेलं. ओल्या लाकडांवर फुंकर घालून आक्काचे डोळे सुजले. मुलं हळूहळू दुसरीकडं गेली. महिन्याभरात तिनं दोन्ही गाळ्यांची शटर ओढली आणि लेकीकडं हुपरीला गेली. लेकीच्या घरी पैंजणांचं काम. आता आक्का तिथं बसून पैंजणांना घुंगरं लावते. मामांना ती एका शब्दानं बोलली नाही. एस. टी. त चढताना म्हणाली, "तुझा काय दोष? तू ऐकलंस, ते मला सांगितलंस."

कट्ट्यावरचे लोक मात्र बोलायचे. "काय मामा, पोचली की झळ?" सुरुवातीला हसून. मग हसणं कमी झालं. एक म्हातारी रिक्षा थांबवून म्हणाली, "लेकरा, तुझ्या तोंडनं ऐकलं म्हणून म्या इसवास ठिवला रं." त्या दिवशी मामा दुकानात आले. पुकाऱ्याचं काम नव्हतं. उगाच पत्रिकांचे नमुने चाळत बसले. मग मान वर न करता म्हणाले, "मास्तर, त्ये झळीचं वाक्य साहेबांनी सांगितलतं, का तुम्ही लिवलासा?"

माझ्यासमोर डबा नव्हता, वाकायला जागा नव्हती. तरी मी वाकलोच. म्हणालो, "वरून आलं होतं. त्यांच्या कार्यालयातून."

"मग बरं," मामा म्हणाले. "म्हंजे तुमचा काय दोष न्हाय. मी आपलं उगाच काळजीत हुतो."

ते साहेबांना भेटायला गेले. दोन दिवस बाहेरच्या बाकावर बसले. साहेबांनी एकदा पेठेत येऊन चार शब्द बोलावेत, जमलं नाही असं सांगावं, एवढंच त्यांचं मागणं. तिसऱ्या दिवशी भेट झाली. परत येऊन त्यांनी मला सांगितलं ते असं.

"साहेब म्हणाले, मी कवा असं म्हणलो? सभेच्या आधी दिवसभर कोण ओरडत फिरत हुतं? मी म्हणलं, मी. तर म्हणाले, मग त्वांड तुझं हुतं की." मामांनी चष्मा पुसला. "बरोबरच हाय त्येंचं. मी तरी दुसरं काय म्हणत आलोय?"

मग खिशातून कोरा कागद काढून माझ्यापुढं ठेवला. "लिवून द्या. मागं घ्यायचंय."

मी लिहायला बसलो आणि माझी सवय आडवी आली. "सन्माननीय नागरिक बंधू-भगिनींनो, अपरिहार्य जागतिक परिस्थितीमुळे..."

"अपरिहार्य म्हंजे?"

"टाळता न येण्यासारखं."

"मग खोडा त्ये. टाळता येत हुतं की. गप बसलो असतो तर टळलं असतं."

एकेक शब्द खोडत शेवटी चारच ओळी उरल्या. "निवडणुकीत मी ह्याच गल्लीत सांगितलतं, लढाईची झळ तुमच्या चुलीला लागणार न्हाय. लागली. मी चुकीचं बोललो. मला माफ करा." ते वाचून झाल्यावर पहिल्यांदाच त्यांनी मला विचारलं नाही, हे खरं आहे का म्हणून.

तीन दिवस ते फिरले. ज्या गल्ल्यांत ते वाक्य सांगितलं होतं त्या सगळ्या गल्ल्या. पेट्रोल स्वतःचं. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं, मामांनी काहीतरी गंमत काढलीय. काही जण हसले. मग दारं उघडी ठेवून गुपचूप ऐकू लागले. नेत्यानं माफी मागितलेली कुणी ऐकली नव्हती, म्हणून माफी कशी ऐकायची तेही कुणाला ठाऊक नव्हतं. एक बाई तांब्याभर पाणी घेऊन आली आणि मामांच्या हातात द्यायचं सोडून तशीच उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी मी मागच्या सीटवर बसलो. आज माईक घ्यायचा आणि सांगून टाकायचं, असं ठरवून निघालो होतो. राजारामपुरीत आक्काच्या बंद शटरपुढं रिक्षा थांबली. मामांनी तीन टिचक्या मारल्या, खाकरले, आणि माईक तसाच मागं धरला. आरशातून माझ्याकडं बघत म्हणाले, "मास्तर, एवढ्या एका ठिकाणी तुम्ही वाचतासा?"

माईक माझ्या हातभर अंतरावर होता. मी गळ्याला हात लावून म्हणालो, "घसा बसलाय."

त्यांनी खिशातून पुडी काढली. "खडीसाखर चघळा. बरं वाटंल." आणि मग स्वतःच वाचलं. बंद शटरला.

त्यानंतर त्यांनी सभांचे कागद घेतले नाहीत. पाणी येणार नसल्याचं तेवढं सांगायचे. "त्ये खरं असतंय, मास्तर. शंभर टक्के येत न्हाय." दिवाळीच्या अलीकडं एका सकाळी कपबशी हातात घेऊन बसले होते, तसेच गेले. आक्का हुपरीहून आली. तिच्या बोटांना चांदीची काळपट पूड तशीच होती.

पेठेत कुणी गेलं की मामा सांगायचे. मामा गेले हे कोण सांगणार? सगळे माझ्याकडं बघायला लागले. मजकूर तरी मीच लिहिणार होतो. लिहिला, खोडला, चार ओळी ठेवल्या. नाव, वय, किती वाजता निघणार ते. चौथी ओळ होती: "झळीचं ते वाक्य साहेबांचं नव्हतं, मामांचं नव्हतं, ते मी लिहिलं होतं."

स्टँडवरचा एक जण मामांची रिक्षा चालवायला बसला. मी मागच्या सीटवर बसून त्यांच्या पुडीतला खडीसाखरेचा एक खडा तोंडात टाकला, टिचक्या मारल्या आणि वाचत सुटलो. पहिली गल्ली झाली, दुसरी झाली. चौथी ओळही वाचली. वाटलं, सुटलो. तिसऱ्या गल्लीच्या तोंडाला एक बाई कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "मास्तर, नुसतं त्वांड हलतंय. आवाज कुठाय?"

बटण बंद होतं. माईकच्या खाली, अंगठ्याजवळ एक छोटं बटण असतं. मामांच्या हातात ते मला कधी दिसलंच नव्हतं.

रिक्षा परत पहिल्या गल्लीला वळवली. बटण दाबलं, आणि टिचक्या मारल्या. टक, टक, टक. या खेपेला सगळ्या गल्लीला ऐकू गेल्या. शेगड्या बारीक झाल्या, कट्ट्यावरचं बोलणं थांबलं, एकेक दार उघडलं, आणि सवयीनं सगळ्यांनी आधी रिक्षाच्या पुढच्या सीटकडं पाहिलं.