भावजींची फेरबांधणी

भिंतीत खिळा ठोकण्याआधी त्या भिंतीला टेकून बसणाऱ्या प्रत्येकाची परवानगी घेणारा माणूस उभ्या मंगळवार पेठेत एकच, तो म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांचं कामच तसं. जगभरातले लोक फुकट वापरतात अशा एका संगणक-प्रणालीतली बरीच पॅकेजं, म्हणजे बांधून तयार केलेले प्रोग्रॅम, ते घरबसल्या सांभाळतात. खाली एखादी लायब्ररी असते, तिच्या आधारावर पाच-पन्नास प्रोग्रॅम उभे असतात. ती बदलली, की वरचे सगळे नव्यानं बांधून, चालवून बघायचे. एकही मागं राहता कामा नये. लायब्ररी म्हटलं की मला पुस्तकांची कपाटं दिसतात. त्यामुळे भावजींनी मला हे सगळं चटणीवरून शिकवलं.

झालं असं, की एका उन्हाळ्यात डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी वर्षाच्या कांदा-लसूण चटणीत मिरची कमी घातली. भावजींनी बोटाला लावून चाखली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी, कुणाला विचारलंसा?"

"त्यात काय विचारायचं? चटणी तर हाय."

"चटणीच हाय की! सगळं घर तिच्यावर उभं हाय."

मग आठवडाभर स्वयंपाकघरात फेरबांधणी चालली. आधी आमटी, मग भरली वांगी, मग मिसळीचा कट. तांबडा रस्सा सगळ्यात शेवटी. प्रत्येक वाटी चाखून भावजी डोळे मिटत आणि 'पास' किंवा 'नापास' म्हणत. आमचे हे ताटावर ताटकळून ओरडायचे, "आरं, जेवाय देणार हाईस का निकालच लावणार हाईस?" भडंग नापास झाला तेव्हा भावजी शेजारच्या काकूंनाही सांगून आले, कारण त्या आमचीच चटणी नेऊन भडंग करत. काकू अजून मला म्हणतात, "तुझा दीर म्हणजे गॅसचा वास आल्यागत सांगायला आलता गं!"

त्यांचा दुसरा नियम याहून कडक. जो नव्या लायब्ररीवर बांधला जात नाही आणि ज्याला सांभाळणारं कुणी नाही, असा प्रोग्रॅम काढून टाकायचा. आधी वापरणाऱ्यांना कळवायचं, थोडी वाट बघायची, कुणाची हरकत नसली की मग गच्छंती. "जीव लावत बसलं की अडगळ साठती," ते म्हणत.

ह्यांनी माझ्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. रोज सकाळी तो एक नवं शब्दकोडं मांडायचा आणि मी ते चहाबरोबर सोडवायची. भावजींनी तो कौतुकानं आपल्या पॅकेजांत घेतला होता. त्यात एक खोड होती. उजवीकडच्या कोपऱ्यात एक चौकोन जास्तीचा यायचा, त्यात कुठलंच अक्षर बसत नसे. मी विचारलं की हे हसत म्हणायचे, "ऱ्हाऊ दे की, पावण्याला जागा."

गेल्या वर्षी हे गेले. यंदा खालची लायब्ररी बदलली, आणि एका सकाळी कोडं उघडेना. दुपारी पलीकडच्या खोलीतून भावजींचा माझ्या फोनवर संदेश आला : 'शब्दकोडे बांधले जात नाही. सांभाळणारा हयात नाही. काढून टाकण्यास कोणाची हरकत?' वापरणारी मी एकटी, म्हणून कळवलंही मला एकटीलाच. बराच वेळ मी ते वाचत बसले. मग लिहिलं, 'माझी हरकत आहे.'

भावजी लगेच दारात हजर. "तेवढंच पायजे होतं वहिनी. आता मी सांभाळतो. कुणाची हरकतच नसती, तर नियमानं काढावं लागलं असतं."

पुढचे काही दिवस त्यांच्या खोलीतून भांडण ऐकू येत होतं. "दादा, आरं हे काय लिहून ठेवलंयस! कुणाच्या बापाला कळंल हे?" आणि मग थोड्या वेळानं, "बरं, बरं. असं व्हय." हे गेल्यापासून दादा हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलाच नव्हता.

कोडं उघडलं त्या सकाळी मी भावजींनाही चहा दिला. कोपऱ्यातला चौकोन तसाच होता.

"भावजी, ही चूक राहिली की."

"बघितली मी. एका ओळीत निघाली असती." ते कपात बघत राहिले. "पण वापरणारं माणूस तिच्यावर अवलंबून असलं, तर चूक काढायची न्हाय. नियम हाय."

असा नियम खरोखर आहे का, मी विचारलं नाही. आता रोज कोडं सुटलं, की आम्ही दोघं थोडा वेळ त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत बसतो. मग भावजी कप विसळून ठेवतात आणि खोलीत जातात. कुठली ना कुठली लायब्ररी बदललेली असतेच.