अर्धी हाक

आधीच सांगून टाकतो, मी फिजिक्सचा मास्तर आहे. वरोऱ्याच्या ज्युनियर कॉलेजात ध्वनीचा धडा दरवर्षी मीच शिकवतो. चकवा, लागीर, बाहेरची बाधा असलं काही स्टाफरूममध्ये निघालं की सगळ्यात मोठ्यानं हसणारा मीच. त्यामुळं हे लिहिताना लाज वाटून राह्यली आहे... पण राग इतका आहे की लाजेला जागाच उरली नाही.

आमचं गाव चिमूरकडचं, जंगलाला लागून. माय तिथं माझ्या मोठ्या भावाकडं राहते. उन्हाळा लागला की बाया सकाळी मोहफुलं वेचायला जातात. जंगल वाघाचं, झाडं एकमेकांपासून लांब. म्हणून मधूनमधून हाक द्यायची रीत आहे — एकीनं "कूऽऽय" म्हणायचं, दुसरीनं "ओऽऽ". ओ आली नाही तर टोपली तिथंच टाकून सगळ्यांनी शोधायला निघायचं. हाक ऐकून ओ न देणं आमच्याकडं पाप समजतात.

आता कौस्तुभबद्दल. नागपूरच्या होस्टेलमधला माझा जिगरी दोस्त, सध्या पुण्यात असतो. जंगलाचे, नदीचे आवाज रेकॉर्ड करतो आणि अंधाऱ्या हॉलमध्ये चारी बाजूंनी स्पीकर लावून लोकांना ऐकवतो. साउंड इन्स्टॉलेशन म्हणतात त्याला. मागच्या वर्षी मोहाच्या दिवसांत तो आमच्याच घरी उतरला. मायनं त्याला तांदळाची भाकर आणि जवसाची चटणी रोज गरम गरम वाढली. वारा लागू नये म्हणून त्याच्या माईकला केसाळ टोप्या होत्या. त्या झाडाला बांधताना पाहून माय म्हणाली, "काऊन रे बाप्पा, मांजरी टांगून राह्यला का झाडाले?" आम्ही पोट धरून हसलो.

निघायच्या दिवशी त्यानं रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवलं. पाखरं, वाळला पाला, मधेच मायची "कूऽऽय" आणि लांबून शेजारच्या कमलाबाईची "ओऽऽ". मायनं हातातली टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "पोरा, हाक नेशीन तं ओ बी नेजो. अर्धी हाक कुठी सोडू नोको." कौस्तुभनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मावशी, तुमची शपथ," म्हणाला. मी शेजारीच उभा होतो.

पावसाळा संपल्यावर वहिनीचा फोन आला. "भाऊजी, मायचं काही खरं नाई. दिवस कलला का म्हनते, कोनीतरी बाई जंगलात चुकली, हाक मारून राह्यली, तिले कोनी ओ नाई देत."

मी चंद्रपूरला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. कान ठणठणीत. वय झालं की होतं असं, म्हणाले. मलाही पटलं. पण माय अंगणात उभी राहून "ओऽऽ, ओऽऽ" करायची, घसा बसेपर्यंत. कमलाबाई येऊन तिच्याजवळ बसली, तिनंही ओ दिली. तर माय म्हणते, "तू नोको देऊ वं, तू तं इथीच हायेस. थे तिकडं हाये." मग एक दिवस ती कोणाला न सांगता निघाली. दादानं तिला गाठलं तेव्हा ती जंगलात शिरलीच होती. त्याच आठवड्यात तिथं वाघानं बैल मारला होता.

"तुले मरायचं हाये का?" दादा ओरडला.

"अन् थे मरन त्याचं काय?" माय म्हणाली.

एक गोष्ट वहिनीच्या ध्यानात आली होती. "सोमवारी बरी राह्यते. निवांत जेवते, झोपते." उपास नाही, बाजार नाही... सोमवारचं काय, कोणालाच उमगेना.

मग व्हॉट्सॲपवर एक पोस्टर फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. कौस्तुभचं प्रदर्शन, पुण्यात. नाव 'एकांत'. आम्हाला त्यानं कळवलंसुद्धा नव्हतं. खाली बारीक अक्षरात — दुपारनंतर खुलं, सोमवारी बंद.

ती ओळ मी तीनदा वाचली. त्याच रात्रीच्या गाडीत बसलो.

हॉलमध्ये अंधार. लोक डोळे मिटून बसलेले. आमची पाखरं, आमचा पाला... आणि मग माय. "कूऽऽय." मी कमलाबाईच्या ओची वाट पाहत बसलो. आली नाही. परत "कूऽऽय". परत काही नाही. डावीकडून, मागून, डोक्यावरून — माझी माय हाका मारत होती आणि कोणी ओ देत नव्हतं.

मी उठून उभा राह्यलो आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, "ओऽऽऽ!"

काहींना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. टाळ्या वाजल्या.

बाहेर येईतो वहिनीचा फोन. "भाऊजी, माय पुन्हा जंगलाकडं निघाली होती. बांधावर थबकली न् म्हनते, 'ओ आली वं, भेटलं तिले कोनीतरी.' घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या." मी कुठं आहे, हे गावात कोणालाच माहीत नव्हतं.

कौस्तुभ तिथंच होता, त्याला सगळं सांगितलं. हात जोडले. तो म्हणाला, "यार, ओ ठेवली तर एकटेपणा कुठं राहतो? त्या हाकेवर तर सगळं उभं आहे."

"मायची शपथ घेतली होतीस तू."

"फिजिक्स शिकवतोस ना रे तू?" असं म्हणून हसला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस असाच असतो. इतकी वर्षं मी त्याला भाऊ म्हणत होतो.

गावी आलो आणि हॉलमध्ये मोबाईलवर घेतलेला तुकडा मायला ऐकवला. "हेच! हेच बाई!" ती घाबरीघुबरी झाली. "कोन हाये रे?" स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की चटकन ओळखू येत नाही, हे मी मुलांना शिकवतो; त्या दिवशीही आम्ही सांगितलं म्हणूनच तिला कळलं होतं. तिला सांगायचं धाडस झालं नाही.

प्रदर्शन संपलं तसं मायचं थांबलं. महिनाभर घर शांत होतं. मग मागच्या सोमवारी, सकाळी सकाळी वहिनीचा फोन. "भाऊजी, पुन्हा लागलं. आज तं सोमवार हाये ना?"

कौस्तुभनं 'एकांत' इंटरनेटवर टाकलंय. तिथं सोमवारची सुट्टी नसते. दुपार नसते, रात्र नसते. काढ म्हणून किती मेसेज केले, शेवटी त्यानं मला ब्लॉक केलं. दादानं दाराला बाहेरून कडी घातली आहे. आत माय ओ देत बसली आहे.

हे काय आहे ते मला माहीत नाही. ध्वनीच्या कुठल्याच नियमात बसत नाही. हसायचं तर हसा, मीही हसलो असतो. फक्त एक करा. कधी कुठं जंगलाचे आवाज ऐकत असाल आणि मधेच एक म्हातारी "कूऽऽय" म्हणाली, तर लाजू नका, मोठ्यानं ओ द्या.

माझी माय आहे ती.