कोट चढवलेला माणूस

ऑफिस सुटल्यावर डब्लिनच्या सँडीफोर्ड स्टॉपवरून ट्रॅम पकडली की एक आजी बहुतेक माझ्या समोरच बसायच्या. कितीही गारठा असो, कोट काढून, घडी घालून मांडीवर ठेवायच्या आणि खिडकीच्या काचेवर बोटांनी ताल धरायच्या. तरुणपणी त्या इथल्याच एका नाइटक्लबमध्ये जॅझ गायच्या, पुढे रंगमंचावरही गायल्या. ते सांगताना त्यांचे डोळे अर्धवट मिटत, आणि बाहेरचे ओले दिवे मलाही रंगमंचावरचे वाटू लागत.

एकदा मी विचारलं, "इतक्या लोकांसमोर भीती नाही वाटायची?"

"सगळ्यांकडे बघायचंच नाही. घरी जायला उठून ज्याने कोट चढवलाय, असा एक जण शोधायचा आणि त्याच्यासाठी गायचं. तो परत बसला की झालं आपलं काम."

परवा त्या आल्या त्या कोटाची सगळी बटणं लावूनच. बसल्यावरही कोट काढला नाही.

"उद्या लिमरिकला जातेय, लेकीकडे. कायमची. तिथे सगळं ग्रँड आहे म्हणे, अगदी छान." मग माझ्याकडे बघून मंद हसल्या. "आज कोट माझ्या अंगात आहे. गा की काहीतरी."

मी घराबाहेर कधीच गायले नव्हते. तरी आई म्हणायची ती अंगाई सुरू केली, ट्रॅमच्या घरघरीत बुडेल इतक्या हळू.

त्यांचा स्टॉप आला. त्या उठल्या, दांडा धरून उभ्या राहिल्या. दारं उघडली.

आणि त्या परत बसल्या.